नूटकाच्या घराचं 1:20 प्रतिरूप: कामाच्या नोंदी

8 जून 2025

आधी हे काम का घेतलं ते लिहिते. शाळेच्या ग्रंथालयात सप्टेंबरमध्ये मुंबईहून निघालेल्या जुन्या जहाजांवर एक छोटं प्रदर्शन भरणार आहे. त्यात डिसेंबर 1785 मध्ये मुंबईहून सुटलेली दोन जहाजं आहेत, 'कॅप्टन कुक' आणि 'एक्सपेरिमेंट'. मुंबईचा व्यापारी डेव्हिड स्कॉट या मोहिमेच्या पाठीशी होता. म्होरक्या होता ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासमधला नोकर जेम्स स्ट्रेंज, आणि सोबतच्या शिपायांवर मुंबई फौजेतला अलेक्झांडर वॉकर. जायचं होतं थेट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आज कॅनडात असलेल्या नूटका खाडीत. कारण समुद्री पाणमांजराची कातडी. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या खलाशांनी तिथून नेलेल्या कातड्यांना चीनमध्ये भरमसाट भाव आला होता.

1786 च्या उन्हाळ्यात ही जहाजं तिथे पोचली आणि परत निघताना जॉन मॅके नावाच्या शल्यवैद्याच्या मदतनिसाला तिथेच ठेवून आली. तो जवळजवळ वर्षभर यूक्वॉट गावाचा प्रमुख मक्विना याच्या आसऱ्याने राहिला. नकाशा आहे, जहाजांची चित्रं आहेत, पण मुलं विचारणार की तो राहिला कुठे? तर तशा घराचं आतलं चित्र उपलब्ध आहे. कुकच्या तिसऱ्या सफरीवरचा चित्रकार जॉन वेबर याने एप्रिल 1778 मध्ये, म्हणजे मॅकेच्या आठ वर्षं आधी, याच खाडीतल्या एका सामाईक घरात बसून ते काढलं. जलरंगातली त्याची एक प्रत हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात आहे. विल्यम शार्पने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आवृत्ती 1784 मध्ये सफरीच्या अधिकृत वृत्तांतासोबत छापली गेली.

त्या चित्रावरून आणि वृत्तांतातल्या वर्णनावरून लाकडी प्रतिरूप करायचं आहे. सुतारकामाला माझे मामा आहेत. बाकी सगळं मी. अशी कामं शाळांमधून बरेच जण करतात, म्हणून जे होईल ते इथे तारखेनिशी लिहून ठेवते.

14 जून

हा आठवडा नुसता मापांत गेला. चित्रातल्या माणसांची उंची धरून घराची रुंदी काढायला बसले, पण पुढे बसलेल्या माणसांवरून एक माप येतं आणि मागच्यांवरून दुसरंच. वेबरने घरात दिसणारी माणसं आणि वस्तू एका कागदावर नीट मांडल्या आहेत. ते काम नकाशा काढण्याचं नव्हतं. चित्रावरून मापं काढण्याचा नाद सोडला.

मापं मिळाली ती कुकच्या नावाने छापलेल्या त्या वृत्तांताच्या मजकुरात. बाजूच्या भिंती सात-आठ फूट उंच. मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी वर, त्यामुळे छताला एकाच दिशेने उतार. भिंतीला लागून फळ्यांचे ओटे, जमिनीपासून पाच-सहा इंच वर, सात-आठ फूट लांब आणि चार-पाच फूट रुंद, वर चटया. घरातलं कुटुंब त्यावरच बसतं, त्यावरच झोपतं. मधोमध चूल, तिला ना कठडा ना धुराडं. एका घरात चार कोपऱ्यांत चार ओटे होते, प्रत्येकावर एक कुटुंब, मध्ये फळीचा आडोसा नाही आणि मधली जागा सगळ्यांची. हाच आराखडा आम्ही घेतला आहे, कारण सामाईक घर म्हणजे काय हे त्यात एका नजरेत कळतं.

1:20 ने केल्यावर: पुढची भिंत 107 मिमी, मागची 122 मिमी, ओट्याची उंची 7 मिमी, ओटा 115 बाय 68 मिमी. घराची लांबी 50 सेंमी आणि रुंदी 45 सेंमी ही मापं आमची, टेबलाच्या आकारावरून ठरवलेली. माहितीफलकावर तसं लिहिणार आहे. समुद्राकडची बाजू डावीकडे धरली, हाही आमचाच निर्णय.

21 जून

लाकूड. तिथली घरं रेड सिडरची. हे झाड सरळ रेषांचं, हलकं, आणि पाचरीने लांबच लांब फळी सुटणारं. करवत नसलेल्या माणसांनी या झाडाच्या रुंद फळ्यांची घरं बांधली, ती या गुणामुळे.

आपल्याकडे बाहेरून आलेलं रेड सिडर बंगल्यांच्या भिंतींना आणि सॉना बाथला वापरतात. रे रोडच्या वखारींमध्ये विचारत फिरलो. पहिल्या काही ठिकाणी सिडर म्हणून देवदार दाखवला. देवदार चांगला, पण त्याचा रंग पिवळा आणि तो वेगळ्या तऱ्हेने फाटतो. शेवटी एका वखारीत सॉनाच्या कामातून उरलेले तुकडे मिळाले, दीड-दोन फुटांचे, गाठी नसलेले. 1,800 रुपये. मामांना भाव जास्त वाटला. मला नाही, कारण नवी फळी घेतली असती तर याच्या कितीतरी पट गेले असते आणि निम्मी पडून राहिली असती.

29 जून

मामांनी पहिल्या फळ्या बँडसॉवर काढल्या. दीड मिलिमीटर जाडीच्या, एकसारख्या, स्वच्छ. जोडून पाहिल्या आणि आगपेट्यांचं घर वाटायला लागलं. करवतीच्या खुणा या मापात फार मोठ्या दिसतात आणि पॉलिश पेपर मारला की लाकूड निर्जीव होतं.

मामा म्हणाले, "अगं, त्यांनी कापलं नव्हतं ना? मग आपण कशाला कापायचं? फाडूया." तुकडा उभा धरून रुंद पटाशी रेषेवर ठेवली, हलका ठोका दिला. सिडर खरोखर पुस्तकाचं पान उलटावं तसं सुटत जातं. जाडी कुठे एक मिमी, कुठे दोन. कडा वेड्यावाकड्या. तेच हवं होतं. फाडताना निम्म्या फळ्या वाया जातात हे धरून चालावं. लाकूड थोडं ओलसर असेल तर बरं फाटतं. पूर्ण सुकलेल्या तुकड्यात चीर मध्येच वळते आणि फळी टोकाला निमुळती होते. पटाशीला दर अर्ध्या तासाने धार लावावी लागली.

बँडसॉवर काढलेल्या फळ्या फेकल्या नाहीत, ओट्यांच्या खालच्या सांगाड्याला वापरल्या.

6 जुलै

सांगाडा उभा राहिला. वृत्तांतात लिहिलंय की लांब-रुंद फळ्या एकीच्या कडेवर दुसरी अशा आडव्या रचलेल्या, झाडाच्या सालीच्या दोऱ्यांनी मधूनमधून बांधलेल्या. बाहेरून अंतराअंतरावर बारीक खांब, आतून जाडसर, तिरके टेकू. छताच्या फळ्या नुसत्या ठेवलेल्या. उजेड हवा किंवा धूर बाहेर जायला हवा की सरकवायच्या.

मी छत चिकटवणार होते. मामाही तेच म्हणत होते, कारण शाळेत मुलं हात लावणार. पण ही घरं कशी वापरली जात ते वाचलं आणि विचार बदलला. हे लोक वर्षभर एकाच गावात राहत नव्हते. उन्हाळ्यात बाहेरच्या समुद्राजवळ, थंडीत खाडीच्या आतल्या भागात. जाताना भिंतींच्या आणि छताच्या फळ्या काढून होड्यांवर आडव्या टाकून सोबत न्यायचे, जड सांगाडा मागे उभा. म्हणजे फळी सुटी असणं हाच या बांधकामाचा गाभा आहे. फेव्हिकॉल लावला तर घराचा आकार उरेल आणि घर चुकेल.

तेव्हा ठरलं: सांगाडा आणि तिरके टेकू चिकटवायचे. भिंतीच्या फळ्या धाग्याने बांधायच्या, छताच्या फळ्या नुसत्या ठेवायच्या. बांधायला घायपाताचा धागा वापरला. तागाचा धागा पावसाळ्यात फुगतो आणि त्याला तंतू सुटतात, या मापात तो दोरखंडासारखा दिसतो. भिंतीत दोन ओबडधोबड झरोके ठेवले. खऱ्या घरांत असे झरोके असत आणि पाऊस आत येऊ नये म्हणून त्यांवर चटईचे तुकडे लोंबत.

13 जुलै

चार दिवस संततधार आणि समुद्राकडची भिंत पोट काढून बाहेर आली. फाडलेल्या फळ्या पातळ असल्यामुळे हवेतलं पाणी पितात आणि वाकतात. ज्या दोन फळ्या मी घाईत खांबांना चिकटवल्या होत्या त्या चिरल्या. बांधलेल्या फळ्यांना काहीही झालं नाही, त्या दोऱ्यात सरकल्या आणि बसल्या. चिकटवलेल्या काढून बांधल्या. हे सगळं उलगडून परत करण्यात पूर्ण रविवार गेला.

आता सगळं लाकूड कपाटात, चाळीस वॅटच्या बल्बखाली ठेवते. त्याने पुष्कळ फरक पडला. पावसाळ्यात असं काम करणाऱ्यांनी ही सोय पहिल्या दिवशीच करावी.

20 जुलै

पेट्या. या कामातला सर्वांत अवघड आणि मला सर्वांत आवडलेला भाग.

वृत्तांत सांगतो की घरातलं मुख्य सामान म्हणजे सगळ्या मापांच्या पेट्या, भिंतींना लागून एकावर एक रचलेल्या. त्यांत जास्तीची वस्त्रं, कातडी, मुखवटे. काहींवर काळा रंग आणि प्राण्यांचे दात जडवलेले. शिवाय पाण्याच्या चौकोनी बादल्या, लाकडी वाडगे, आणि ज्यातून जेवायचं ती सुमारे दोन फूट लांब उथळ काथवट.

या किनाऱ्यावरची पेटी चार फळ्या जोडून करत नाहीत. एकच फळी घेतात, तिला आतून तीन ठिकाणी आडवी खाच पाडतात, वाफेवर नरम करतात आणि तीन कोपरे वाकवतात. चौथा कोपरा खुंट्या मारून किंवा शिवून पक्का करतात. तळाची फळी इतकी घट्ट बसवतात की पाणी गळत नाही. धातूचं भांडं नसताना यातच स्वयंपाक व्हायचा. चुलीत तापवलेले दगड लाकडी चिमट्याने उचलून पाण्यात टाकायचे, थंड झाले की काढून दुसरे टाकायचे, पाणी उकळेपर्यंत. वेबरच्या चित्रात चुलीजवळ हीच धांदल चालली आहे.

सोपा मार्ग होता: लाकडाचे ठोकळे कापायचे आणि झाकणाची रेघ ओढायची. मागच्या रांगेतल्या पेट्या तशाच केल्या, त्या कुणाला दिसणार नाहीत. पण पुढच्या आणि चुलीजवळच्या वाकवूनच करायच्या असं ठरवलं होतं.

एक मिमी जाडीची पट्टी, इडलीपात्रात वाफ, आणि दर वेळी पहिल्याच कोपऱ्यावर कट्. जास्त वाफवलं तरी तेच. दोष वाफेत नव्हता, खाचेत होता. मी सरळ करवतीची खाच पाडत होते. वाकवताना खाचेच्या दोन्ही भिंती एकमेकींवर आपटायच्या आणि बाहेरच्या बाजूला ताण येऊन फळी तुटायची. मामांनी खाच तिरकी करायला लावली, आत रुंद आणि तळाशी निमुळती, 90 अंश मावतील अशी, आणि बाहेर फक्त कागदाइतकं लाकूड शिल्लक. पट्टी रात्रभर पाण्यात भिजवली, वीस मिनिटं वाफ दिली, गरम असतानाच लाकडी ठोकळ्याभोवती वळवली, दोऱ्याने आवळून दोन दिवस ठेवली. जमलं. तरीही काही तुटल्याच. रेषा पट्टीच्या लांबीला समांतर असलेला तुकडा निवडला तर तुटण्याचं प्रमाण खूप कमी होतं, हे शेवटी शेवटी कळलं.

चौथ्या कोपऱ्याला बांबूच्या कामट्यांच्या खुंट्या. दातांऐवजी पांढऱ्या पोह्याचे कण चिकटवून पाहिले, मुंग्या आल्या. मग शिंपल्याचा चुरा वापरला.

2 ऑगस्ट

चटया. तिकडे चटया आणि बरीचशी वस्त्रं सिडरच्या आतल्या सालीची, कुटून मऊ केलेली किंवा पट्ट्या काढून विणलेली. आपल्याकडे ती साल नाही. केळीच्या सोपटाच्या पट्ट्या काढल्या, सावलीत सुकवल्या, दोन मिमी रुंदीत चिरल्या आणि साधी एक वर एक खाली अशी वीण घातली. रंग अगदी जुळला.

आठवड्याने सगळ्या चटयांवर बुरशी. कपाटात ठेवूनही. सोपट वरून सुकतं, आत ओल धरून राहतं. दुसऱ्यांदा पट्ट्या तुरटीच्या पाण्यात उकळल्या, पंख्याखाली सुकवल्या, मग इस्त्री केली. त्या टिकल्या. यात पूर्ण आठवडा गेला, खर्च जवळजवळ काही नाही.

9 ऑगस्ट

आज मागच्या टोकाच्या खांबांचा निर्णय झाला. यावर मामांचं आणि माझं जुलैपासून चाललं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

चित्रात घराच्या लांबच्या टोकाला माणसाचा चेहरा कोरलेल्या दोन प्रचंड आकृत्या उभ्या आहेत. नजर पहिल्यांदा तिथेच जाते. मामांनी त्यासाठी सागाचे दोन तुकडे वेगळे काढून ठेवले होते आणि कोरीवकामाची पटाशी घासून तयार होती.

पहिली अडचण मापाची. मजकूर म्हणतो, मोठ्या झाडांचे चार-पाच फूट उंचीचे बुंधे, एकेकटे किंवा जोडीने उभे केलेले, पुढच्या बाजूला चेहरा, कडेला हात. वेबर स्वतः म्हणतो, फळ्यांवर कोरलेल्या राक्षसी आकाराच्या आकृत्या. बुंधा की फळी? 1:20 ने 61-76 मिमी की छतापर्यंत? कुक आणि वेबर दोघेही तिथे गेलेले, आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. यावर मी पुष्कळ वेळ घालवला आणि हाती काही लागलं नाही.

दुसरी गोष्ट त्याच वृत्तांतात आहे, वेबरनेच सांगितलेली. तो चित्र काढत असताना हातात मोठा सुरा घेतलेला एक माणूस जवळ आला. वेबरची नजर त्या आकृत्यांवर खिळलेली त्याला आवडली नाही. वेबर थांबेना, तेव्हा त्या माणसाने एक चटई आणून आकृत्यांपुढे आडवी धरली. वेबरने अंगरख्याचं एक धातूचं बटण काढून दिलं. चटई बाजूला झाली. वेबर बसून पुन्हा रेघा ओढू लागला तोच चटई परत आडवी. पुन्हा बटण. अंगरख्यावरची बटणं संपेपर्यंत हे चाललं, त्यानंतर कुणी हरकत घेतली नाही. मजकुरात दुसरीकडेही म्हटलं आहे की या आकृत्यांवर चटईचा पडदा असे आणि तो नेहमी काढायला लोक तयार नसत.

हे वाचल्यापासून ते चित्र मला आधीसारखं दिसत नाही. त्या घरातला एक माणूस स्वच्छ सांगत होता की हे पाहू नका. आपल्याला ते दिसतं कारण एका पाहुण्याकडे पुरेशी बटणं होती. यूक्वॉटला असं पुढेही झालं. तिथल्या एका बेटावरचं देवमाशाच्या शिकाऱ्यांचं पवित्र स्थान, त्यातल्या कोरलेल्या मूर्तींसकट, 1905 च्या सुमारास उचलून न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात नेलं गेलं. तिथल्या मूळ रहिवाशांनी, मोवाचाट-मुचलाट लोकांनी, अनेक वर्षं मागणी लावून धरली आणि यंदा, 2025 मध्ये, ते परत गेलं. तिथे आजही माणसं आहेत, त्यांची मतं आहेत, आणि त्यांच्या पूर्वजांची या बाबतीतली इच्छा तर छापील पुरावा म्हणून समोर आहे.

मी म्हटलं, आकृत्या कोरायच्या नाहीत. मागच्या टोकाला चटई लावायची.

मामा म्हणाले, "अगं पण लोक तेच बघायला येणार. चित्रात आहे ते आपण लपवायचं?" त्यांचा मुद्दा खोटा नाही. प्रदर्शनाच्या भिंतीवर शार्पच्या कोरीव चित्राची छपाई असणारच, त्यात आकृत्या दिसणारच. ते चित्र गेली दोनशेचाळीस वर्षं छापलं जातंय, ते आता झाकून काही होत नाही. पण प्रतिरूप आम्ही 2025 मध्ये, आमच्या हाताने करतोय. त्या आकृत्या नव्याने कोरायच्या की नाही हा आमचा प्रश्न आहे, वेबरचा नाही. शिवाय मापच ठरत नसताना कोरलं तर तो अंदाज असेल, आणि मुलं तो खरा धरतील.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग सागाचे तुकडे परत फडताळात ठेवले आणि म्हणाले, "मग चटई नीट विण. लांबून दिसली पाहिजे." केळीच्या पट्ट्या आणखी बारीक, एक मिमीच्या, आणि दोन वर दोन खाली अशी तिरपी वीण. 20 सेंमी रुंद. माहितीफलकावर बटणांची हकीकत पूर्ण लिहिली आहे.

17 ऑगस्ट

चूल आणि मासे. दगड म्हणजे चाळणीने चाळलेली चार-पाच मिमीची नदीची बारीक खडी, खऱ्या मापात आठ-दहा सेंमी, हातात मावणारे. लाकडी चिमटा कामटीचा. विस्तवासाठी नारिंगी दिवा लावून पाहिला आणि काढला, गणपतीच्या मखरासारखं दिसायला लागलं होतं.

छताखाली माशांच्या रांगा. कुकच्या माणसांना इथे हेरिंग आणि तारल्यासारखे लहान मासे धुरावर सुकवलेले दिसले. सुकले की चटईत शिवून तीन-चार फुटांचे चौरस गठ्ठे बांधत. माशाची लांबी 1:20 ने 10-12 मिमी. खाकी कागद चहाच्या पाण्यात बुडवून, सुकवून, कात्रीने कापला, लाखेचं पॉलिश दिलं, धाग्यात ओवला. काम सोपं पण डोळे जातात. मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी हातभार लावला म्हणून झालं. गठ्ठ्यांना उरलेल्या चटया गुंडाळल्या.

वृत्तांतात या घरांच्या वासाबद्दल आणि अस्वच्छतेबद्दल खूप तक्रार आहे. फलकाच्या पहिल्या मसुद्यात शाळेतल्या एका सहकाऱ्याने ते जसंच्या तसं घातलं होतं. मी काढलं. ज्या घरात हिवाळ्याची बेगमी छताला टांगलेली आहे तिथे मासळीचा, तेलाचा, धुराचा वास येणारच. वर्सोव्याला किंवा वसईला वलांड्यांवर बोंबील सुकत असताना जो कधी उभा राहिलाय त्याला हे सांगावं लागत नाही. त्याऐवजी फलकावर लिहिलं की धुरामुळे मासा टिकतो आणि म्हणूनच धुराडं नाही, फळ्या सरकवायची सोय आहे.

24 ऑगस्ट

माणसं. शाडूच्या आठ सेंमीच्या बाहुल्या करून पाहिल्या. चेहरे आमच्या हातून कुणाचेच येत नव्हते. ज्यांना आम्ही पाहिलेलं नाही त्यांना नाकडोळे द्यायचे आणि वर रंग कोणता लावायचा याचा अंदाज करायचा, हे मला पटेना.

शेवटी कोरीव चित्राची मोठ्या रिझोल्यूशनची स्कॅन प्रत घेतली आणि तिच्यातलीच माणसं 300 जीएसएमच्या जाड मॅट कागदावर छापून, कापून, उभी केली. ती राखाडी रेघांची आहेत, लाकडापुढे वेगळी उठून दिसतात. पाहणाऱ्याला लगेच कळतं की घर आम्ही बांधलंय आणि माणसं वेबर-शार्प यांच्या नजरेतली आहेत.

यात एक भानगड आहे. चित्रात मागची माणसं लहान, पुढची मोठी. एकाच प्रमाणात छापून ठेवली तर मागे बुटकी माणसं बसल्यासारखी वाटतात. प्रत्येक आकृती वेगळी मोठी करून, बसलेल्याची उंची साधारण 42-45 मिमी येईल अशी छापावी लागली. मोठी केल्यावर मागच्या माणसांच्या रेघा जाड दिसतात, त्याला इलाज नाही. ज्यांचं अर्धं अंग दुसऱ्यामागे झाकलेलं आहे त्यांना पेट्यांच्या आड बसवलं. दोन छपाया फुकट गेल्या.

एका ओट्याशेजारी मी लाकडी पाळणा ठेवला आहे. तो चित्रातून घेतलेला नाही, मॅकेच्या हकिकतीतून घेतलाय. मक्विनाच्या बाळाच्या पाळण्यावरून तो ओलांडून गेला. ते तिथे निषिद्ध होतं, आणि त्याला मार खाऊन घराबाहेर पडावं लागलं. फलकावर हेही वेगळं नमूद केलंय. चार कुटुंबांच्या एका घरात पाय कुठे टाकायचा याचेही नियम होते, हे मुलांना पाळण्याकडे पाहून समजेल.

7 सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. आता उजेड. 6500 केल्विनची पांढरी एलईडी पट्टी छताच्या वर, लाकडी कमानीला लावली, म्हणजे उजेड सरकवलेल्या फळ्यांच्या फटीतूनच आत पडतो. आधी पिवळी पट्टी आणली होती, तिने सगळं सोनेरी आणि देवघरासारखं झालं. तिकडचा एप्रिल ढगाळ, पावसाळी. पांढऱ्या पट्टीचे ठिपके ओट्यांवर दिसत होते, मध्ये बटर पेपर ताणल्यावर गेले.

पाहण्याची खिडकी हा मामांचा विचार. वेबर बसून चित्र काढत होता, हे त्याच्याच शब्दांत आहे. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून अंदाजे 80 सेंमी, म्हणजे प्रतिरूपात 4 सेंमी. पुढच्या प्लायमध्ये त्या उंचीवर आडवी फट ठेवली. वरून पाहिलं तर ही वस्तू बाहुलीघर वाटते. फटीतून पाहिलं की छत अंगावर येतं, मासे डोक्यावर लोंबतात आणि समोर चटई असते.

टेबल मुलांच्या उंचीचं लागतं. शाळेतलं नेहमीचं टेबल ठेवलं तर सहावीच्या मुलाला फटीसाठी टाचा उंचावाव्या लागतात. बालवाडीतलं बाक मागवून घेतलं.

13 सप्टेंबर

काल मांडलं. एकूण खर्च 5,540 रुपये: सिडर 1,800, तळाचा आणि पुढचा प्लाय 1,100, एलईडी आणि ॲडाप्टर 950, छपाई 640, फेव्हिकॉल, पॉलिश पेपर आणि लाख 480, धागे, तुरटी, शिंपले 310, कापायची पाती 260. यात वाया गेलेली पिवळी पट्टी धरलेली नाही, ती घरी लावली.

छताच्या फळ्या सरकवायला बांबूची काडी दोरीने बांधून ठेवली आहे. खरी माणसंही आतून काठीने फळ्या सरकवत असावीत असं मी मुलांना सांगते, पण 'असावीत' म्हणूनच. पहिल्याच तासात एक फळी आत पडली आणि माशांची एक रांग तुटली. आतल्या कडेला दोन मिमीची पट्टी लावली, आता फळी आत जात नाही.

सातवीतल्या एकीने विचारलं, चटईमागे काय आहे? मी तिला फलक वाचायला सांगितला. वाचून झाल्यावर तिने विचारलं, मग त्या माणसाने शेवटी बटणं घेतली ना? हो, घेतली. यावर त्यांच्या वर्गात पुढच्या आठवड्यात चर्चा ठेवली आहे. माझ्याकडे तयार उत्तर नाही, म्हणून वृत्तांतातला तो परिच्छेद मराठीत करून प्रत्येकाला एक पान देणार आहे.

प्रदर्शन संपल्यावर भिंती सोडवून सगळ्या फळ्या एका सपाट खोक्यात जातील. सांगाडा प्लायसकट वेगळा उचलायचा. कुणाला आपल्या शाळेसाठी हवं असेल तर फळ्यांवर मागच्या बाजूने पेन्सिलीने क्रमांक टाकले आहेत, समुद्राकडची भिंत 'स', मागची 'म'. छताच्या फळ्यांना क्रमांक नाहीत, त्या कशाही ठेवल्या तरी चालतात.